पडण्यासाठी बसवलेला ओंडका

वडीगोद्रीच्या मच्छिंद्र मिस्त्रींनी आयुष्यभर पक्क्या, न डुगडुगणाऱ्या वस्तू केल्या. बैलगाड्या चालत होत्या तोवर गाड्या, पुढे दारं, चौकटी, देवळाचे खांब. बदनापूरच्या आमच्या घराचं मागचं दार त्यांनीच बसवलं. दार बसलं की ते स्वतः त्याला लोंबकळत आणि बायकोला हाक मारत, "चतुरे, ये, तू बी लटक."

"मी लटकले तं भित्तच खाली येईल," चतुराबाई म्हणायच्या. पण लटकायच्या. दार कुरकुरलं नाही की मगच मिस्त्री चहा घेत.

अशा माणसाला हरिओम दफेदारांनी घोड्यांच्या कामावर आणलं. दफेदार जाफराबादकडचे, घोडदळातून निवृत्त झालेले. बियाण्यांचे व्यापारी जुगलकिशोर शेठ यांनी बदनापूरजवळचा आपला माळ नातीच्या हौसेपायी घोडेस्वारीसाठी मोकळा केला होता. त्यांची नात आयुषी इव्हेंटिंग, म्हणजे घोडेस्वारीची तीन भागांची स्पर्धा, करते. त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे क्रॉस-कंट्री. घोडा भरधाव सोडायचा आणि वाटेतले ओंडके, चर, पाण्याचे खड्डे ओलांडत वेळेत पोचायचं. मैदानातल्या उड्यांच्या स्पर्धेत आडवी दांडी घोड्याच्या पायाला लागली की पडते. इथले अडथळे पक्के असतात. घोड्याचे पुढचे पाय वरच्या ओंडक्याला अडकले तर घोडा कोलांटी खातो आणि त्याचं सगळं वजन स्वारावर येतं. अशा पडण्यात माणसं मेलेली आहेत. गेल्या डिसेंबरात या माळावर राष्ट्रीय संघाची निवड चाचणी ठरली आणि अडथळ्यांची आखणी दफेदारांकडे आणि ते करायचं काम मिस्त्रींकडे आलं.

त्यांतले दोन अडथळे वेगळे होते. आडवा ओंडका खांबांना खिळ्यांनी ठोकलेला नव्हता, दोन्ही टोकांना एकेका लोखंडी पिनेवर नुसता टेकवलेला होता. मिस्त्रींना ते पटलं नाही.

"दफेदार, हे ढिल्लं राह्यलं."

"तसंच ऱ्हाऊ द्या. पिनेला हात लावू नका."

कशासाठी, हे दफेदारांनी सांगितलं नाही. मिस्त्रींनीही विचारलं नाही. आपल्या धंद्यातलं दुसऱ्याला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

चाचणीच्या आदल्या दिवशी स्वार पायी फिरून अडथळे बघतात. पुण्याच्या एका स्वाराने उताराच्या तळाशी असलेला ओंडका हाताने ढकलला. तो डुगडुगला. "मिस्त्री, काम अर्धंच केलं का? बाकीचं उद्या घोडा करणार?" सगळे हसले. आयुषीही हसली. ती त्यांना रोज काका म्हणून हाक मारायची, त्यांच्यासोबत बसून भाकरी खायची. तिचं हसणं त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळी तपासणी आटोपून सगळे पांगल्यावर मिस्त्रींनी बाभळीचे दोन ठोकळे तासले आणि त्या ओंडक्याच्या दोन्ही टोकांखाली टेकू म्हणून खांबांना ठोकून टाकले. पिनांना हात लावला नाही. शब्द पाळला. मग ओंडक्याला लोंबकळून पाहिलं. ओंडका हलला नाही. पुढून शोभेसाठी तुराट्यांच्या पेंढ्या लावलेल्या होत्या, त्यांत टेकू झाकले गेले. सकाळी दफेदारांनी वरून पिना पाहिल्या. त्या जागच्या जागी होत्या.

चाचणीच्या दिवशी त्याच अडथळ्यापाशी पंच म्हणून वंदना बसली होती. ही माझी पुतणी, शाळेत शिकवते. तिच्या हाती लाल निशाण आणि वॉकीटॉकी होती. सोबतीला मी खुर्ची टाकून बसले होते. एकेक घोडा येई, उसळी घेऊन पलीकडे जाई. कुणाचा खूरही लागला नाही.

मिस्त्री टेकडीवर दफेदारांजवळ उभे होते. तिथे काय झालं ते दफेदारांनी मला नंतर सांगितलं. पिनांच्या दुसऱ्या अडथळ्यावर एका घोड्याचे गुडघे ओंडक्यावर आपटले, पिना तुटल्या आणि ओंडका धपकन खाली पडला. घोडा अडखळला, सावरला आणि पुढे गेला. मिस्त्रींचा चेहरा उतरला.

"माझा ओंडका पडला, दफेदार. गेली अब्रू."

दफेदार हसले. "अब्रू कशाची जाती? पडला म्हणून स्वार वाचला. न्हाईतं घोडा उलटून त्याच्या उरावर असता. पडायसाठीच बसिवला त्यो."

मिस्त्री उतारावरून पळत सुटले.

साठी उलटलेला माणूस ढेकळांतून धडपडत येताना आम्हाला दिसला. दोरीखालून आत घुसत ते ओरडले, "म्याडम, थांबवा! घोडे थांबवा! मी टेकू ठोकले!"

"कसले टेकू? बाजूला व्हा आधी, घोडा सुटलाय!"

"पडत न्हाई आता तो! पडत न्हाई!"

त्यांनी पेंढ्या उपसल्या तेव्हा वंदनाला टेकू दिसले. ती वॉकीटॉकीवर किंचाळली. पलीकडून कुणी तरी शांतपणे विचारलं, "पुन्हा सांगा, कोणता अडथळा?" मिस्त्री दगड घेऊन टेकूवर घाव घालत होते. डावीकडचा निघाला. उजवीकडचा निघेना. त्यांचंच काम होतं ते.

घोडा माथ्यावर आला. आयुषी होती.

वंदना निशाण हलवत पुढे धावली. आयुषीने लगाम खेचला. पण उतार आणि तो वेग, घोडा थांबणार कसा? अडथळ्यापाशी माणूस बघून तो बिचकला, उसळीची त्याची पावलं चुकली आणि तो तिरपा ओंडक्यावर आदळला. डावीकडची पिन तुटली, ओंडका एका बाजूने खाली आला. घोडा कोलांटी न खाता कुशीवर कोसळला. आयुषी लांब फेकली गेली. मिस्त्रींचा पाय घोड्याखाली आला.

आयुषीच्या खांद्याचं हाड मोडलं. घोड्याचा पुढचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. घोड्यांच्या डॉक्टरांनी पडदा धरून त्याला तिथेच कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. चाचणी थांबली.

जालन्याच्या दवाखान्यात मिस्त्रींच्या पायात सळ्या घातल्या. मी भेटायला गेले तेव्हा ते छताकडे बघत होते.

"बाई, सकाळपासून सगळे घोडे गेल्ते ना त्याच्यावरून?"

"गेले होते."

"म्हंजे तिचा बी गेला असता. मी गेलो नस्तो तं पोरगी धड राह्यली असती. घोडा जित्ता राह्यला असता."

"आणि पाय अडकला असता तर?"

"तं मेली असती." त्यांनी नजर छतावरून माझ्याकडे वळवली. "मंग मी वाचिवलं का बिघडिवलं?"

येईल त्याला ते हेच विचारत. दफेदार म्हणाले, "मी सांगायचं व्हतं," पण ते काही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. जुगलकिशोर शेठ आले, दवाखान्याचा खर्च आपण करू म्हणाले आणि निघून गेले. चतुराबाई मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "जेवत न्हाई. झोपत न्हाई. कोणी तरी सांगा हो त्याला, तू वाचिवलं म्हणून."

शेवटी आयुषी आली, हात गळ्यात बांधलेला. चतुराबाईंनी दारातच तिला हळूच सांगितलं, "बाई, वाचिवलं एवढं म्हण त्याला." ती मान हलवून आत गेली.

मिस्त्रींनी तिला बसूही दिलं नाही. "तू वर व्हतीस. तुला बराबर ठावं. गेला असता का घोडा?"

आयुषीने चतुराबाईंकडे पाहिलं. मग त्यांच्या सळ्या घातलेल्या पायाकडे.

"काका, तो दमला होता. आधीच्या दोन उड्यांना पाय घासले होते त्याने." ती थांबली. "पण इथे तो नीट येत होता. मला वाटतं, गेला असता."

चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"खोटं बोलायचं व्हतं, पोरी," मिस्त्री म्हणाले.

"बोलणार होते, काका," ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला. मधेच थांबवला आणि परत चादरीखाली घेतला.