भोरडीची दिशा

आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याचं धाडस करतोय याची माफी असावी. पण गप्प राहवत नाही.

दौंडच्या आमच्या कॉलेजातले लॅबवाले मामा पाटसहून बसने येतात आणि सगळ्यांना जय भीम करतात. पेंढा भरलेल्या भोरडीची, म्हणजे हिवाळ्यात इकडे येणाऱ्या गुलाबी मैनेची, काचपेटी पुसताना, मार्च संपला की ते तिची चोच उत्तरेकडे वळवतात. "निघायची येळ झाली, व्हय का न्हाई?"

पक्ष्यांचं स्थलांतर शिकवताना सर म्हणाले, "वाट दाखवायला कुणी नसलं तरी पिल्लू बरोबर दिशेनं उडतं. ते जनुकांतच असतं." मग दारातल्या मामांकडे बोट करून हसले, "जसा यांच्या रक्तात झाडू." वर्गही हसला. मी नुसती मान खाली घातली, त्याचा संताप अजून जात नाही.

मामांनी विचारलं, "सर, ती दिशा कवाच बदलत न्हाई का?" सरांनी पुस्तक मिटलं.

पुढचं पान मी वाचलं. युरोपातल्या एका गाणाऱ्या पाखरानं थोड्याच पिढ्यांत हिवाळ्यातल्या प्रवासाची दिशा बदलली आणि ती पिल्लांच्या जनुकांत उतरली. काल मामांना ते सांगितलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"आता हेच सरांम्होरं वाच," ते म्हणाले. "मी दारात हायेच."