कापसाच्या खोलीतली मशीन

नवा कॉम्प्युटर आला तेव्हा गावभर झालं, पोरीनं गेम खेळाले मशीन आणली. म्हणा बापडे. मी गेम खेळत नव्हते. पुण्याच्या एका इंटिरिअरवाल्यासाठी घरांची थ्रीडी चित्रं करत होते. जुन्या कॉम्प्युटरवर एक चित्र तयार व्हायला अख्खी दुपार जायची, आणि शेवटी तो अडकून पडायचा. या कामाला गेमिंगचीच मशीन लागते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

अडचण जागेची होती. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर, पुढच्या खोलीत रस्त्याची धूळ. उरली मधली, तर तिच्यात कापूस. बोंडअळीच्या तावडीतून वाचलेला, पार आढ्यापर्यंत रचलेला. भाव चढेल म्हणून बाबांनी तो दिवाळीपासून धरून ठेवला होता. दारात आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला त्यांनी वाटेला लावलं होतं. वर्षभराची कमाई तेवढीच. त्याच खोलीच्या कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर इतके दिवस चालला, म्हणून नवाही तिथंच मांडला.

त्या दुपारी चित्र तयार व्हायला लावलं आणि मी जेवायला बसले. मशीन आपली चालू. मधे आई त्या खोलीत जाऊन आली, ते माझ्या लक्षातही आलं नाही. घास तोंडात असतानाच करपल्याचा वास आला. वाटलं, तव्यावर भाकर राहिली.

"तवा तं मी कधीच उतरवला," आई म्हणाली.

मी पळत जाऊन मधल्या खोलीचं दार उघडलं, तर मशीनवर आईची गोधडी, चारी बाजूंनी नीट खोचलेली. आत पंखा घरघरत होता आणि मागून धूर निघत होता. तिथून हातभर अंतरावर कापूस. मी आधी वायर हिसकली, मग गोधडी ओढून अंगणात फेकली. बाबा धावत आले. दोघांनी मशीन उचलून बाहेर नेली आणि परत खोलीत शिरलो. कापसाची आग वर दिसत नाही, आतल्या आत सरकत जाते. म्हणून आम्ही ढिगात खांद्यापर्यंत हात घालून कुठं गरम लागतं का ते चाचपत राहिलो.

"रुई आत जाईन म्हणून झाकलं," दारातून आई म्हणाली. "जुनं तं झाकूनच राहे."

"ते बंद करून झाकत होतो आपण. चालू मशीनले गोधडी कोण पांघरते, आई?"

मी तिच्यावर खेकसले.

कापूस थंडच निघाला. मशीनच्या पंख्यात अडकलेली रुई तेवढी करपून काळी झाली होती.

"बाबा, मी ही मशीन वापस करते," मी म्हणाले. "जुन्यावरच भागवीन."

बाबा ओट्यावर बसून हाताला चिकटलेली रुई काढत होते. मला वाटलं, आता उखडतात. त्यांनी खिशातून फोन काढला आणि ज्या व्यापाऱ्याला गेल्याच आठवड्यात दारातून हाकललं होतं, त्यालाच लावला.

"उद्या गाडी घेऊन ये," ते म्हणाले. "पोरीले खोली खाली करून द्या लागते. भाव तू म्हणशीन तो."