वेढा

माझे मामा सळ्यांच्या कारखान्यात चिमट्यावर होते. दोन फिरत्या लोखंडी रुळांमधून लालभडक सळई सुसाट बाहेर यायची. मामा तिचं तोंड चिमट्यात पकडायचे आणि गर्रकन वळून शेजारच्या रुळांत घालायचे. मध्ये सळईचा मोठा वेढा जमिनीवर सरकत राहायचा. त्या वेढ्यात पाय ठेवायचा नाही, एवढाच तिथला धर्म.

घरी वेढं म्हणजे मामांच्या बोटातली लग्नाची साधी अंगठी. मामी म्हणायची, "तिकडे वेढ्याबाहेर राहायचं, इकडे वेढ्यात. सुटका कुठाय ह्यांना?"

एका दुपारी पुढचे रूळ अडले. मागून सळई येतच राहिली. वेढा फुगला, उसळला आणि चिमट्यावरच्या मामांच्या जोडीदाराच्या मांडीभोवती आवळत गेला. किंकाळीच्या आधी मांस जळाल्याचा वास आला.

"बंद करा!" मामा ओरडले. बटण मुकादमाच्या हाताशी होतं.

"आधी त्याला बाहेर ओढ," मुकादम म्हणाला. "थांबवलं तर सगळा माल थिजेल."

मामांनी चिमटा त्याच्या जबड्यावर हाणला. तो कोसळला, तरी आणखी दोनदा हाणला. मग बटण दाबलं, मागे धावले आणि तापलेला वेढा हातांनी फाकवला. हातमोजे पेटले.

दवाखान्यात सुजलेल्या बोटातलं वेढं कापून काढावं लागलं. बाहेर पोलिसांचा वेढा पडला होता. मामी हवालदाराला म्हणाली, "पळायचं असतं तर हात भाजून घेतले असते का ह्यांनी? बसा खाली."

मुकादम जगला, पण त्याला पुढे कधी धड चावता आलं नाही. कोर्टात मामांना विचारलं, पस्तावा होतो का. ते म्हणाले, "पहिल्या घावाचा नाही. पुढच्या दोन घावांचा होतो." शिक्षा झालीच.

सुटून आल्यावर ते मला घेऊन थेट जोडीदाराकडे गेले. त्याचा पाय मांडीपासून कापलेला होता.

"तुझे आभार मानायला हवेत, कळतं मला," जोडीदार म्हणाला. "पण सकाळी जाग आली की असं अर्धं जगवलंस म्हणून तुझ्यासाठी शिव्याच येतात तोंडात."

"मग दे की."

त्यानं दिल्या. आईबापांपासून सुरुवात करून घसा बसेपर्यंत दिल्या. मामांनी सगळ्या मान खाली घालून ऐकल्या. मग त्याला खुर्चीसकट उचलून दारात उन्हाला नेऊन बसवलं.