चिमणीची चोच

शिजणाऱ्या चिंचोक्याच्या खळीला एक आंबूस, दमट वास असतो. तो कुठे आला की उदगीरजवळच्या त्या गावातला फाल्गुन माझ्यासमोर उभा राहतो. समाजमंदिराच्या दारातून आत शिरणारं पांढरंफटक ऊन, बांधावरचा एकुलता एक फुललेला पळस आणि कोपरापर्यंत खळीने माखलेली माझ्या बालवाडीतली मुलं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, शिक्के नवे, पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेला होता. पिण्याचं पाणी टँकरने यायचं आणि प्रत्येक मूल आपापला गडू घरून भरून आणायचं.

नव्या कचेरीतल्या एक बाई बालवाडी पाहायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली तर मान्यता, नाहीतर दाराला कुलूप. मी ठरवलं, बाहुल्यांचं नाटक करायचं. भांडी विसळलेल्या पाण्यात जुनी वर्तमानपत्रं भिजवली, लगदा खळीत मळला, मुलांनी त्याची डोकी वळली. नाकं एवढी मोठी झाली की प्रत्येक बाहुली कुणाच्या ना कुणाच्या मामासारखी दिसू लागली. गोष्ट माझीच होती आणि मला तिचा फार अभिमान होता. तहानलेली चिमणी तीन घरी पाणी मागते, तिन्ही दारांत नकार ऐकते, शेवटी आभाळात जाते आणि तिची करुणा येऊन ढग बरसतो.

पहिल्या घरची बाई होती पाच वर्षांची महानंदा. कपाळावर सकाळच्या विभूतीची पुसट बोटं, डोळे टपोरे. तिला एकच वाक्य होतं, 'पाणी न्हाई, पुढं जा.' नेमकं तेच तिच्या तोंडून निघेना. खूप विचारल्यावर बाहुलीच्या पदराआडून ती पुटपुटली, "अव्वा म्हनती, तहानलेल्याला न्हाई म्हनू न्हाई." अव्वा म्हणजे तिची आई. त्या भागातल्या घरांची रीतच तशी होती. दारी आलेल्याला बसा म्हणण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे व्हायचा, आणि रांजण तळाला गेला असला तरी ते कुणी बोलून दाखवायचं नाही. त्या तांब्यांतलं पाणी मीही कितीदा प्याले होते. तरी मी तिला समजावलं, "अगं, हे खोटंखोटं आहे." तिने मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

पाहुण्या बाई आल्या. नाटक सुरू झालं, चिमणी पहिल्या दारी येऊन चिवचिवली. महानंदाने बाहुली हलकेच खाली ठेवली, आपला गडू उचलला आणि चिमणीच्या तोंडी सगळा रिता केला. कागदाची चोच भिजली, वाकली आणि टपकन गळून पडली. पडद्याआडून कापसाचा ढग घेऊन उभी असलेली रुक्मिण विचारत राहिली, "बाई, माझा ढग?"

"गोष्ट संपली?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"हाव," महानंदा म्हणाली. "पानी मिळालं की तिला."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्यांची जीप धुरळा उडवत निघून गेली. माझ्या दृष्टीने सगळ्यावर पाणी फिरलं होतं. मी महानंदाला एका शब्दानेही बोलले नाही, आणि माझा राग असा की न बोलणंच तिला अधिक लागावं. त्याच रागात कोपऱ्यातला माझा तांब्या उचलून मी घटाघटा प्याले. ती समोरच बसली होती, रिकामा गडू मांडीवर धरून, माझ्याकडे पाहत. तिने मागितलं नाही. सुट्टी झाल्यावर तापल्या वाटेने ती एकटीच मळ्यातल्या आपल्या घराकडे गेली.

मान्यता महिन्याभराने आली. बालवाडी पुढे पुष्कळ वर्षं चालली, बाहुल्या झाल्या, मोडल्या, पुन्हा झाल्या. ती बिनचोचीची चिमणी मात्र मी ठेवून दिली आहे. तिच्याकडे पाहताना जाणवतं की माझ्या त्या गोष्टीला पाऊस पाडण्यासाठी आधी तीन कोरडी दारं लागत होती, आणि ती कुठून आणायची हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

नाटकाच्या त्या दुपारी कुलूप लावण्याआधी मी तांब्या उचलला. त्यात अजून अर्धं पाणी होतं.