व्हर्ना कुख्ताने पिस्तूल घेतलं

व्हर्ना कुख्ता एल्डर रन गावच्या शाळेत तेवीस वर्षं स्वयंपाक करत होती, आणि जवळपास तितकीच वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी गन क्लबात नवऱ्याचे आणि त्याच्या दोस्तांचे गुण लिहीत होती. नेमबाजी थांबली की भोकं पडलेले कागद तिच्या टेबलावर यायचे. ती भोकं तपासायची, बेरजा करायची, आणि तोवर मंडळी हॅम आणि घेवड्याच्या सुपावर तुटून पडलेली असायची. सूपही तीच करून आणायची. "ये, तूही मार दोन गोळ्या," असं कुणीतरी अधूनमधून म्हणायचं, पण निघता निघता "जेवूनच जा" म्हणतात तसलं ते म्हणणं.

एकसष्टाव्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, तिच्या लक्षात आलं की नाव न वाचताच कागद कुणाचा ते आपल्याला कळतं. कोण चाप हिसकतो, कोण श्वास कोंडून बसतो, कुणाचा हात शेवटच्या पाच गोळ्यांत थकतो, सगळं त्या भोकांत लिहिलेलं असायचं. एवढं कळतंय आणि आपण एक गोळी झाडलेली नाही, हे तिला एकदम विचित्र वाटलं. परत जाताना गाडीत तिने नवऱ्याला, मर्लला, सांगितलं की या हिवाळ्यात ती स्वतः खेळणार.

मर्ल म्हणाला, "मग अडलंय कुठे? घरात रिव्हॉल्वर आहे की."

ते मोठ्या गोळीचं रिव्हॉल्वर म्हणजे मर्लचा जीव की प्राण. तिने सहा गोळ्या मारून पाहिल्या. दुसऱ्या गोळीपासून चाप ओढण्याआधीच तिचे डोळे मिटायला लागले, आणि अंगठ्याचा सांधा आधीच दुखरा, तो दोन दिवस असा ठणकला की शाळेत डाव धरवेना. ती घाबरली मात्र नाही. उलट पहिल्या सहा गोळ्यांतच तिला मोठी गोष्ट कळली होती, की गोळी सुटतानाच्या धक्क्याची भीती हाताला लागली की नेम बसत नाही. तिला लहान गोळीचं पिस्तूल हवं होतं, पॉइंट ट्वेंटी-टूचं. त्याची काडतुसंही इतकी स्वस्त की मर्लच्या एका गोळीच्या पैशांत तिच्या कितीतरी आल्या असत्या.

उन्हाळ्यात लग्नांसाठी बिस्किटं करून तिने साडेतीनशे डॉलर बाजूला टाकले होते. पिस्तूल, गोळ्या आणि कानावरची झाकणं, सगळं त्यातच बसवायचं होतं.

गावातल्या दुकानात गॅरेट नावाचा विक्रेता होता, पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तळहातात मावेल एवढं, गुलाबी मुठीचं पिस्तूल काढून ठेवलं. "बायका हेच नेतात, मॅडम. पर्समध्ये सहज राहतं."

"मला पर्समध्ये नाही ठेवायचं," व्हर्ना म्हणाली. "पंचवीस यार्डांवरच्या कागदाला भोक पाडायचंय."

मग त्याने दुसरं काढलं. त्याचा वरचा भाग मागे ओढताना तिच्या अंगठ्याने नकार दिला. तिने ते खाली ठेवलं आणि विचारायला सुरुवात केली. लांब नळीचं कुठलं आहे? हाताला जरा जड, हलणार नाही असं? नेम धरायची मागची खाच स्क्रूने सरकवता येते का? गॅरेटचं गोड बोलणं कमी कमी होत गेलं आणि तो नीट उत्तरं द्यायला लागला. तिला हवं तसं एक होतं, पण ते घेतलं असतं तर गोळ्यांना पैसे उरले नसते. ते काय कपाटात पुजायचं होतं? ती हात हलवत परत आली.

पुढच्या गुरुवारी तिने वेगळीच गोष्ट केली. क्लबात ज्यांच्याकडे लहान गोळीची पिस्तुलं होती त्या प्रत्येकाला तिने सांगितलं, मला तुझ्या पिस्तुलाने पाच गोळ्या मारू दे. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला नाही कोण म्हणणार? पाच पिस्तुलं झाली. प्रत्येकाचा कागद वेगळा, आणि कागदाच्या कोपऱ्यात तिच्या बारीक अक्षरात टिपण: अंगठा दुखला, नेमाची नळीवरची माशी अंधूक, चाप खरखरतो.

पाचवं एमिल ड्रॉझ्देकचं होतं. एमिल चौऱ्याऐंशी वर्षांचा, खाणीतून निवृत्त झालेला. त्याच्या पिस्तुलाचा काळा मुलामा उडून लोखंड राखाडी पडलं होतं, आणि लाकडी मुठीचा टवका गेला होता. पण मागचे दोन कान चिमटीत धरून ओढले की ते सहज भरायचं, आणि चाप कुठे अडत नव्हता, खरखरत नव्हता. तिची पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती. कागदावर तिने काहीच लिहिलं नाही. विचारलंही नाही, कारण एमिल ते विकणार नाही हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं.

दोन आठवड्यांनी एमिल आपणहून तिच्या टेबलाशी येऊन बसला.

"आता मला नळीवरच्या माशा दोन दिसतात पोरी," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, यापुढे असंच. तुला हवंय का ते? दोनशे वीसला."

"त्याला जास्त येतील, एमिल. तुलाही माहितीये."

"एकजण द्यायला तयार आहे. तो ते काचेत ठेवील. मला गुरुवारी त्याचा आवाज ऐकायचाय."

व्हर्नाने मनातल्या मनात गोळ्यांचे पैसे बाजूला काढले. मग म्हणाली, "दोनशे साठ देते. पण मूठ माझ्या हाताला मोठी आहे, ती मी घासणार. चालेल?"

एमिलने टवका गेलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "घास. माझ्या बायकोने मलाही घासूनच वळणावर आणला होता."

आमच्या राज्यात दोन माणसांना परस्पर पिस्तूल देता घेता येत नाही, म्हणून दोघं गॅरेटच्या दुकानात गेले. त्याने फॉर्म भरले, फोन करून तिच्या नावावर काही गुन्हा नाही ना ते तपासलं, आणि पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं.

"खरं सांगू का मॅडम, हे माझ्याकडे असतं तरी मी तुम्हाला दाखवलं नसतं."

"माहितीये मला," व्हर्ना म्हणाली.

मूठ तिने चार संध्याकाळी घासली, थोडी घासायची, धरून बघायची, पुन्हा घासायची. मग सराव. आठवड्यातून दोनदा शाळेतून थेट क्लबात, आणि रोज घरी दहा मिनिटं, गोळ्या तळघरात कुलपात ठेवून, रिकाम्या पिस्तुलाने कोऱ्या भिंतीवर नेम धरायचा. त्या वेळी आत झाडून झालेलं काडतूस ठेव, नाहीतर काडतुसावर आदळणारी कांडी रिकामी आपटून झिजेल, हे एमिलने बजावलं होतं.

मर्लला हे सगळं गमतीचं वाटत होतं. "खेळण्याची एवढी उस्तवार? डबे पाडायचं पिस्तूल ते."

"तुझ्या गोळ्या खाली डावीकडे जातात," व्हर्ना भिंतीवरची नजर न काढता म्हणाली. "आवाजाच्या आधीच तुझं मनगट दबतं. दर खेपेला."

मर्लने कप खाली ठेवला. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"वीस वर्षं होतील."

"मग बोलली का नाहीस?"

"गुण विचारायचास तू. कारण कधी विचारलंस?"

तो दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, दबतं म्हणजे नेमकं कसं, जरा मागे उभी राहून बघशील का. ती उभी राहिली.

हरणांच्या शिकारीचा मोसम संपल्यावर तिचा गुणांसाठी खेळायचा पहिला गुरुवार आला. तीनशेपैकी दोनशे एकोणीस, अकरा जणांत सातवी. पहिल्या खेपेला फारच छान, असं सगळे म्हणाले, आणि लहान मुलाला म्हणतात तसा तो सूर तिला मुळीच आवडला नाही. ती थेट एमिलकडे गेली. तो म्हणाला, शेवटच्या दहा तू घाईत मारल्यास, नुसतं ऐकून कळलं. ती समाधानाने घरी गेली. फेब्रुवारीत ती दोनशे पन्नासच्या वर गेली. मार्चमध्ये एकदा तिचे दोनशे बासष्ट झाले आणि मर्लचे दोनशे अठ्ठावन्न, तेही त्याचं मनगट सुधारल्यावर. गुण लिहायला आता पाळी लावली होती. त्या दिवशी पाळी मर्लची होती, आणि त्याला ते दोन आकडे स्वतःच्या हाताने एकाखाली एक लिहावे लागले. लिहून झाल्यावर तो उठला आणि मित्रांना म्हणाला, "बघून घ्या, नंतर म्हणाल मी चुकून लिहिलं."

मे महिन्यात शेजारच्या क्लबाशी सामना होता. चार जणांच्या संघात व्हर्नाचं नाव दुसरं होतं. त्या मैदानावर लोकांची पिस्तुलं नवी कोरी, काहींची तिच्या पाचपट किमतीची. तिचं राखाडी पिस्तूल पाहून एकाने सहानुभूतीने विचारलं, नवीन घ्यायचा विचार आहे का? नाही, ती म्हणाली, अजून या पिस्तुलाइतकी चांगली मीच झालेली नाही. सामन्यात ती चौथी आली. विचारणारा सातवा.

येताना मर्ल खुशीत होता, वाटेत काही गोडधोड खायला थांबू म्हणत होता. व्हर्ना मांडीवर कागद पसरून भोकं बघत होती. सगळी उजवीकडे अर्धा इंच. मागची खाच दोन खटके डावीकडे घ्यायला हवी होती. तिने घड्याळ पाहिलं आणि त्याला गाडी क्लबाकडे वळवायला सांगितलं. उजेड अजून तासभर होता.