उलट बाजूचा निबंध

मी सातवीत असताना आमच्या शाळेत नवे गुरुजी आले. अमरावतीकडचे, एकटे. बाहेरगावच्या एकट्या मास्तराला आमच्या गावात जेवणाचे वार लावून दिलेले असत. सोमवार आणि गुरुवार आमच्या घरी. त्यांची राहायची खोलीही माझ्या वडिलांचीच होती.

शेलूबाजारजवळचं आमचं गाव लहान. सातवीत मुली दोनच, त्यातल्या दुसरीचं लग्न ठरलेलं. मला आत्याकडे राहून मंगरूळच्या हायस्कुलात जायचं होतं. वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

गुरुजींनी मत पटवून देणारा निबंध शिकवला आणि चांगला शिकवला, हे मान्य करते. ते म्हणायचे, ऐकणाऱ्याच्या मनात कसली भीती आहे ते आधी ओळखा, तुमचं मत नंतर. विशेषणं गाळा. विरुद्ध मताच्या माणसाला मूर्ख म्हणू नका. एक उदाहरण अशा माणसाचं द्या, जो सगळ्यांच्या ओळखीचा असेल. आणि शेवटी काय करायचं ते एका वाक्यात सांगा. सरावासाठी त्यांची एक पद्धत होती. ज्याचं जे मत असेल, त्याने आधी उलट बाजू लिहायची. फळ्यावर विषय आला, ‘मुलींनी सातवीपुढे शिकावे का?’ माझ्या वाट्याला ‘शिकू नये’ आलं.

मी मन लावून लिहिलं, कारण मला पहिला नंबर हवा होता. आमच्या गल्लीत सातवी पास झालेली एक मुलगी होती. पाहायला आलेले लोक “आमचा पोरगा चौथी, हिच्यासमोर काय बोलंल?” म्हणून उठून जात. तेच उदाहरण घेतलं. शेवटी लिहिलं, ‘म्हणून शहाण्या बापाने मुलीला सातवीनंतर घरीच ठेवावे.’

गुरुजींनी तो सर्वांत उत्तम ठरवला आणि गॅदरिंगमध्ये गावासमोर मला वाचायला लावला. हा सराव आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. गल्लीतली ती मुलगी बायकांत बसली होती. तिचं उदाहरण सुरू झालं तशी उठून गेली. मी वाचत राहिले. टाळ्या खूप पडल्या.

घरी वडील खुशीत. “आयकलं का वो,” ते मायला म्हणाले, “काय लिवलं पोरीनं! मी वर्सभर इचारच करून राह्यलो होतो. हिनंच सोडवलं.”

“बाबा, ते माह्यं मत नाही. गुरुजीनं लिवाले लावलं.”

“मनात नसलं तं इतकं बरोबर कसं लिवता येते?”

 

गुरुवारी गुरुजी जेवायला आले. भाकर वाढताना मी म्हटलं, “गुरुजी, बाबाले सांगा ना, तो सराव होता म्हणून.”

गुरुजी वरणात भाकर कुस्करू लागले. वडीलच म्हणाले, “काहो मास्तर, चूक हाय का त्याच्यात काई?”

“चूक काही नाही,” गुरुजी म्हणाले. “निबंध उत्तमच आहे.”

“वरण घ्या मास्तर अजून,” माय म्हणाली. त्यांनी घेतलं.

मग मी माझी बाजू लिहायला बसले. चार पानं. गुरुजींचा एकेक नियम पाळला. वडिलांची भीती काय, ते आधी लिहिलं. त्यांना कुठे टोचेल असा एकही शब्द ठेवला नाही. ते अंगणात दोर वळत बसले होते तिथे उभं राहून वाचलं. त्यांनी हात थांबवून शेवटपर्यंत ऐकलं, हेही सांगायला हवं.

“हे बी चांगलं हाय,” ते म्हणाले. “पन त्या निबंधात आपल्या गल्लीतली पोरगी होती. याच्यात कोन हाय? आपल्या गावातली कोनती पोरगी पुढं शिकली अन् तिचं बरं झालं, तिचं नाव सांग.”

गावातून एकही गेली नव्हती.

“बाबा, पयली मीच जाईन ना.”

“मंग आधी दुसऱ्या कोनाची जाऊ दे,” ते म्हणाले आणि पुन्हा दोर वळायला लागले.