सातव्या महिन्यातला गोवर

महाडच्या डॉक्टरांनी इराच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडून गालांची आतली बाजू पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "गोवर आहे. न्यूमोनियाही झालाय, म्हणजे फुप्फुसाला संसर्ग. ॲडमिट करू या."

इरा सात महिन्यांची होती. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. आमची लस चुकलेली नव्हती, तिची वेळच आली नव्हती.

चूक वेगळीच होती. पोलादपूरच्या डोंगरात आमची वाडी आहे. कुणाकडे गोवर निघाला की देवी आली म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून वाडीतली पोरं जेवायला बोलावतात. शेजारच्या घरी मीही इराला घेऊन गेले. मनात शंका होती, पण सासूबाई म्हणाल्या, "अंगावर पितंय तवर गोवर शिवत नाय गो. हिचा बाप असल्या पंगतीतच वाढला." मी गप्प बसले.

दहा दिवसांनी इराला ताप आला, मग खोकला, लाल डोळे आणि कानांमागून पुरळ.

आम्हाला वेगळी खोली दिली. ऑक्सिजन, सलाइन, व्हिटॅमिन ए. सिस्टर दर तासाला येऊन इराच्या पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायच्या. पहिल्या दिवशी अडुसष्ट; या वयात ते पन्नासच्या आत हवेत. कितीही घाई असली तरी त्यांनी ते मिनिट कधी अर्ध्यावर सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "सासूबाई म्हणतात, अंगावर पितं तोवर बाळाला गोवर होत नाही. मग माझ्या दुधात काही कमी होतं का?"

ते स्टूल ओढून बसले. "मॅटर्नल अँटीबॉडीज, म्हणजे आईच्या रक्तातले रोगाशी लढणारे घटक, पोटात असतानाच नाळेतून बाळाला मिळतात आणि हळूहळू संपतात. त्या भरपूर असताना लस दिली, तर त्या लसच निकामी करतात. म्हणून नऊ महिने थांबायचं. तुमच्या सासूबाईंना गोवर होऊन गेला असेल, त्यांच्या बाळाला त्या अँटीबॉडीज जास्त दिवस पुरल्या. तुम्ही लस घेतलेल्या. लशीतून तयार झालेल्या अँटीबॉडीज बाळाला थोड्या कमी मिळतात, लवकर संपतात. यात दुधाचा काही दोष नाही."

सासूबाई दारात ऐकत होत्या. "मंग तू का गो बोलली नायस तवा? शिकवलं कशाला तुला?" मग हळूच म्हणाल्या, "माझंच चुकलं. मीच ने म्हटलं."

पाचव्या दिवशी सिस्टर मिनिट संपल्यावर म्हणाल्या, "बेचाळीस." इराने नाकातली नळी ओढून काढली होती आणि खणखणीत रडत होती. सिस्टर पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. डॉक्टर आणि सिस्टर, त्या दोघांचे उपकार मला कधी नीट बोलून दाखवता आले नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

घरी आलो त्या आठवड्यात आरोग्य पथक वाडीत चढून आलं. साथ असल्यामुळे सहा महिन्यांवरच्या बाळांनाही लस देत होते. समोरच्या घरातली सून म्हणाली, "आता टोचलं तर नवव्यात नको ना?"

"हवंच," मी म्हणाले. सगळ्या वळून बघायला लागल्या. "आईकडून आलेलं थोडं शिल्लक असलं तर ही लस पुरती लागू होत नाही. ही जादाची. नऊ महिन्यांची आणि सोळा महिन्यांनंतरची, दोन्ही घ्यायच्याच."

"ऐका गो," सासूबाई म्हणाल्या, "आमी भोगून आलोय."

सुनेने क्षणभर इराकडे पाहिलं आणि आपल्या बाळाच्या झबल्याची उजवी बाही वर केली.